दोन गॅलऱ्यांचा ठराव

ठाकूरद्वारच्या त्या वाडीत ठराव करायला कधी खुर्च्या मांडाव्या लागल्या नाहीत. सुनेत्रा दांडेकर दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत यायच्या, कठड्यावर दोन्ही हात टेकवायच्या आणि चौकापलीकडच्या गॅलरीकडे बघून ओरडायच्या, "भावजी, व्हीलचेअर देतेय! जाईबाईंच्या सुनेला, पाय प्लास्टरमध्ये आहे!" समोर रमाकांत वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचे आणि तिथूनच ओरडायचे, "द्या, वहिनी!" झाला ठराव. सूचक सुनेत्राबाई, अनुमोदक रमाकांत, आणि साक्षीला अख्खी वाडी, कारण हळू बोलणं या दोघांनाही जन्मात जमलेलं नव्हतं.

कधी रमाकांत "थांबा!" म्हणायचे. "त्यांनी मागचा वॉकर अजून परत केला नाही!" मग चौकावरून भांडण जुंपायचं. वरून कुणीतरी सांगायचं की वॉकर धुऊन गच्चीवर वाळत घातलाय, उगाच त्या बाईवर आळ घेऊ नका. चहाला उकळी येईपर्यंत प्रकरण मिटलेलं असायचं.

जिन्याखालच्या खोलीत वाडीचं रुग्णसाहित्य होतं. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, हवेची गादी. लागेल त्याने न्यावं, वापरावं, धुऊन आणून ठेवावं. आणि या सगळ्यांत मानाचा होता तो हॉस्पिटलचा पलंग, हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू उचलली जाणारा. वाडीचा जिना इतका अरुंद की अख्खा पलंग पहिल्याच वळणावर अडकून बसायचा. म्हणून रमाकांतांनी खेतवाडीतल्या वेल्डरकडून तो मधोमध कापून घेतला होता आणि बोल्ट बसवून घेतले होते. दोन तुकडे वर न्यायचे आणि वर गेल्यावर जोडायचे. दिसायला तो अगदीच ओबडधोबड होता, पण त्याच्यामुळे वाडीतल्या कितीतरी माणसांना शेवटचं आजारपण घरच्या घरी काढता आलं होतं.

या कारभारात चुका झाल्या नाहीत असं नाही. सुनेत्राबाईंनी एकदा रमाकांतांना न विचारता एका गोडबोल्या पाहुण्याला व्हीलचेअर दिली आणि ती विरारला गेली ती गेलीच. पुढे कितीतरी दिवस नळावर, देवळात, हळदीकुंकवाला वाडीने त्यांना विरारवरून टोमणे मारले. बाईंनी ते निमूट ऐकून घेतले. पुढच्या वेळी पाहुण्याचं घर बघून आल्याशिवाय त्यांनी साधी कुबडीसुद्धा दिली नाही.

मग मनमोहन त्रिलोकेकरांच्या डोक्यात महासंघ शिरला.

त्रिलोकेकरांचे आजोबा एके काळी त्या वाडीचे मालक. आता मालकी गेली होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मनमोहनराव आणि त्यांची मुलगी जुई एवढेच उरले होते. मनमोहनराव मोठ्या कंपनीत कंपनी सेक्रेटरी होते. सूचना, अनुमोदन, कोरम हे शब्द ते इतर लोक वरण-भात म्हणतात तसे उच्चारायचे. दादर, परळ, लालबाग, गिरगाव इथल्या अशा छोट्या केंद्रांची एकच संस्था व्हावी, हा ध्यास त्यांनीच घेतला आणि तडीसही नेला. सुनेत्राबाईंनी विरोध केला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "सुनेत्राबाई, तुम्ही दोघं गेलात की ओरडणार कोण?"

सुनेत्राबाईंना उत्तर सुचलं नाही. आयुष्यभर विमा कंपनीच्या काउंटरवर बसून भल्याभल्यांना उत्तरं दिलेली ही बाई, पण तेव्हा गप्प बसली. तो प्रश्न त्यांच्या मनात सलत राहिला.

महासंघ सुरुवातीला छान चालला. नव्या व्हीलचेअरी आल्या, ऑक्सिजनची यंत्रं आली, लालबागला मोठं स्टोअर झालं. समितीवर सात माणसं होती तोवर फोन केला की काम व्हायचं. मग प्रत्येक केंद्राला प्रतिनिधी हवा, प्रत्येक देणगीदाराला मान हवा, असं करत समिती एकवीसवर गेली. मंजुरीसाठी व्हॉट्सॲपवर अकरा अंगठे हवेत असा नियम झाला. तो नियमही मनमोहनरावांच्याच हातचा. जिन्याखालच्या खोलीला महासंघाचं कुलूप लागलं आणि किल्ली शिवाजी पार्कजवळच्या कार्यालयात गेली. त्या एकवीसांत एकही माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्या सकाळी जुई जिना उतरून आली ती दारातच उभी राहिली. परळच्या हॉस्पिटलात तिचे वडील गेले काही आठवडे होते. फुप्फुसाचं दुखणं आता औषधाच्या पलीकडे गेलं होतं.

"काकू, डॉक्टर म्हणतात आता घरी न्या. पप्पाही तेच म्हणतायत. आज दुपारी सोडतील." तिचा आवाज धड फुटत नव्हता. "पण आडवं केलं की त्यांचा जीव घुसमटतो. आपला पलंग असेल तरच नेता येईल. भाड्याच्या दुकानात विचारलं, त्यांची माणसं जिना बघून गेली. नाही चढत म्हणाले."

"अगं मग रडतेस काय? पलंग खाली पडलाय की."

"कुलूप आहे ना."

सुनेत्राबाईंनी महासंघाचा सेक्रेटरी उन्मेष याला फोन लावला. उन्मेष तरुण, हुशार, धावपळ करणारा. त्याने लगेच ग्रुपवर विनंती टाकली. बाई चष्मा लावून मोबाइल हातात धरून बसल्या.

पहिलं उत्तर अध्यक्ष चिंतामणी गुप्त्यांचं आलं. "सर्वांचे एकमत असल्यास माझी हरकत नाही." त्याखाली एकाने लिहिलं, "अध्यक्षांशी सहमत." दुसऱ्याने, "अध्यक्ष ठरवतील ते मान्य." तिसऱ्याने विचारलं, "लालबागला नवा बेड आहे, तोच द्यावा का?" त्यावर दोघं म्हणाले, "उत्तम सूचना." चौथ्याने लिहिलं, "ठाकूरद्वारचा बेड मधे कापलेला आहे. काही झाल्यास जबाबदारी कोणाची?" त्यालाही तेच दोघं म्हणाले, "सहमत."

बाईंनी लिहिलं, "लालबागचा पलंग आमच्या जिन्यातून वर जात नाही."

"जिन्याचा फोटो टाकावा," उन्मेषने लिहिलं.

बाईंनी गुडघे सांभाळत खाली जाऊन फोटो काढला आणि टाकला.

"फोटोवरून अंदाज येत नाही. मापे मिळतील का?"

तेवढ्यात कुणीतरी एका सभासदाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. त्या केकच्या चित्राला बघता बघता अंगठ्यांची रांग लागली. पलंगाच्या विनंतीखाली मात्र चारच होते, आणि त्यातला एक देणाऱ्याने पुन्हा काढून घेतला. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यांनी थेट चिंतामणींना फोन लावला.

"वहिनी, वैयक्तिक विचाराल तर माझा शंभर टक्के होकार आहे," चिंतामणी म्हणाले. "मनमोहन माझा किती जुना मित्र!"

"मग द्या म्हणा."

"वैयक्तिक म्हणालो मी. अध्यक्ष म्हणून मला सगळ्यांना बरोबर घेऊन जावं लागतं. रविवारी बैठक आहेच, तिथे प्राधान्याने घेऊ."

"तुमचा मित्र आज दुपारी घरी येतोय, चिंतामणीराव."

"हो ना. फार वाईट वाटतं," चिंतामणी म्हणाले. खरंच वाईट वाटत होतं त्यांना, आवाजावरून कळत होतं. असा चांगला माणूस काय कामाचा, असं सुनेत्राबाईंच्या मनात आलं. त्यांनी फोन ठेवला, गॅलरीत गेल्या आणि कठड्यावर हात टेकवले. इतक्या दिवसांनी त्या तिथे तशा उभ्या होत्या.

"भावजी, पलंग देतेय! मनमोहनरावांना!"

समोर रमाकांत दचकले. मग उठून कठड्याशी आले. "कुलूप त्यांचं आहे, वहिनी!"

"मी पलंगाचं विचारतेय, कुलपाचं नाही!"

चौकात कपडे वाळत घालणारी माणसं थांबली. रमाकांतांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी केली. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेला हा सरळ माणूस, आयुष्यात कधी काचेची नळीसुद्धा न विचारता उचलली नसेल.

"द्या!" ते ओरडले. "वरवंटा घेऊन खाली येतो!"

कुलूप चौथ्या की पाचव्या घावाला तुटलं. पलंगाचे दोन तुकडे वाडीतल्या पोरांनी तिसऱ्या मजल्यावर नेले, रमाकांतांनी बोल्ट आवळले, बाईंनी चादर घातली. दुपारी मनमोहनरावांना खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. माणूस अगदी वाळून गेला होता. पलंगावर ठेवून हँडल फिरवलं तशी त्यांची पाठ उचलली गेली, छाती मोकळी झाली, आणि घरघर हळूहळू कमी झाली. जुईने तोंड फिरवून डोळे पुसले.

मनमोहनरावांनी खोलीभर नजर फिरवली. मग सुनेत्राबाईंवर थांबवली.

"ठराव झाला?"

"झाला."

"किती मतांनी?"

"दोन."

"कोरम?"

"पूर्ण. दोनपैकी दोन हजर."

त्यांना हसू आलं, आणि हसण्यापाठोपाठ ढास. ती शमल्यावर ते म्हणाले, "चूक केलीत. माझ्यासाठी माझाच नियम मोडलात. मी उतरतो खाली."

"उतरा," सुनेत्राबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मलाही बघायचंय कसे उतरता ते."

मनमोहनराव उतरले नाहीत. उशीला टेकून त्यांनी डोळे मिटले आणि बसल्या बसल्याच झोपी गेले. हॉस्पिटलात कितीतरी रात्री त्यांना अशी झोप लागली नव्हती.

कुलूप तोडल्याची बातमी दादरला पोचली आणि ज्या ग्रुपवर पलंगाला चार अंगठे मिळत नव्हते तिथे निषेधाला एकदम चौदा मिळाले. पलंग आधी तातडीने स्टोअरमध्ये परत करावा, मग रीतसर विचार करता येईल, असं ठरलं. माणसाला पलंगावरून उतरवून कुठे ठेवायचं, ते कुणी लिहिलं नव्हतं. सुनेत्राबाईंना रविवारी बैठकीत खुलासा करायला बोलावलं.

बाई गेल्या. तुटलेलं कुलूप त्यांनी पर्समध्ये टाकलं होतं. शिवाजी पार्कजवळच्या त्या हॉलमध्ये लांब टेबलाभोवती माणसं बसली होती, मधे बिस्किटांच्या ताटल्या होत्या. चिंतामणींनी मोठ्या मायेने सुरुवात केली. कुणाला दुखवायचा हेतू नाही, बाईंच्या भावना आम्ही समजू शकतो, त्रिसदस्यीय उपसमिती नेमू, ती पलंगाची पाहणी करेल आणि अहवाल देईल, तोवर पलंग स्टोअरला राहील.

"मी खुलासा द्यायला आलेले नाही," सुनेत्राबाई उभ्या राहून म्हणाल्या. "मला फक्त एक बघायचंय. मनमोहनरावांना पलंग देऊ नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

कुणीच हात वर केला नाही. एकाने उचललेलं बिस्किट पुन्हा ताटलीत ठेवलं.

"एकसुद्धा नाही? मग कुलूप मला का तोडावं लागलं?"

"काकू, प्रोसेस असते," उन्मेष म्हणाला.

"असते ना. आमचीही होती. मी एकदा व्हीलचेअर चुकीच्या माणसाला दिली, ती विरारला गेली. वाडीने मला तोंडावर ऐकवलं, अजून ऐकवतात. ती चूक माझी होती आणि ती कुठे राहते ते सगळ्यांना माहीत होतं. तुमची चूक कुठे राहते? मनमोहनराव खाली चौकात घुसमटून गेले असते तर जुईने कुणाच्या दारात जाऊन शिव्या द्यायच्या? तुम्ही एकवीस जण एकमेकांना सहमत आहात. त्यात 'द्या' म्हणणारा एक नाही आणि 'नाही' म्हणणाराही एक नाही."

"म्हणजे मोठी संस्था नकोच का?" उन्मेष चिडला होता, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं. "ऑक्सिजनचं यंत्र तुमच्या वाडीला जमलं असतं घ्यायला?"

"नसतं जमलं," बाईंनी लगेच कबूल केलं. "यंत्रं घ्यायला एकवीस काय, एकवीसशे जण या, मी प्रत्येकाला नमस्कार करीन. पण कुणाच्या उशाला आज काय लागतंय, हे ठरवायला दोन माणसं पुरतात, उन्मेष. फक्त त्यांना तो जिना माहीत असावा लागतो. तू आमच्या जिन्याचा फोटो मागितलास. एकदा चढून यायचंस ना, बाळा. टॅक्सीने किती वेळ लागतो?"

चिंतामणी म्हणाले, "वहिनी, आपण मध्यम मार्ग काढू."

"पलंगाचा मध्यम मार्ग आम्ही आधीच काढलाय, कापून. तो परत येणार नाही. हे तुमचं कुलूप." त्यांनी पर्समधून ते काढून टेबलावर, बिस्किटांशेजारी ठेवलं. "खोलीवरची तुमची पाटीही काढून पाठवते. वाडी महासंघातून बाहेर पडली."

"असं कसं? ठराव लागतो त्याला."

"झालाय. दोन मतांनी," असं म्हणून सुनेत्राबाई हॉलबाहेर पडल्या. रस्त्यावर आल्यावर मात्र त्या पार्काच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसून राहिल्या.

संध्याकाळी मनमोहनरावांनी सगळं शब्दनशब्द ऐकून घेतलं. मधे दोनदा "हे नियमाला धरून नाही" असंही म्हणाले. मग त्यांनी गॅलरीच्या उघड्या दाराकडे मान वळवली.

"जिंकलात तुम्ही," ते म्हणाले. "पण माझा प्रश्न तसाच आहे, सुनेत्राबाई. रमाकांतला धाप लागते. तुमचे गुडघे गेलेत. तुम्ही दोघं गेलात की ओरडणार कोण? त्यासाठीच केलं होतं मी ते सगळं. मला हौस नव्हती."

बाईंना राग आला, आणि रागाखाली भीतीही होती, कारण माणूस खरं बोलत होता. त्यांनी हँडल फिरवून त्यांची पाठ थोडी आणखी वर केली आणि घरी गेल्या.

मनमोहनराव त्यानंतर आठवडाभर होते. एका सकाळी चहाचा एक घोट घेऊन, दार उघडं, समोर वाडी, असे बसल्या बसल्याच गेले. जुईचा हात त्यांच्या हातात होता. ग्रुपवर अकरावा अंगठा त्यानंतर आला, आणि त्यापाठोपाठ कुणाचं तरी "मंजूर, अभिनंदन". उन्मेष मात्र तेराव्याला आला. जिना चढताना पहिल्या वळणावर जरा थांबला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि वर गेला.

जुईने पलंग स्वतः धुतला आणि वाडीतल्या पोरांकरवी खाली नेऊन ठेवला. जिन्याखालच्या खोलीला आता नुसती कडी होती.

पुढच्याच महिन्यात मागच्या इमारतीतल्या गंगुबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी यायला निघाल्या. त्यांची नात मेघना धापा टाकत आली. सुनेत्राबाई सवयीने गॅलरीत गेल्या, सवयीनेच ओरडल्या, "भावजी, पलंग देतेय! गंगुबाईंना!"

समोरून आवाज आला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, रमाकांत मुलाकडे पुण्याला गेले होते, तपासण्या करायच्या होत्या. समोरच्या गॅलरीत खुर्ची होती, वर्तमानपत्र नव्हतं. मनमोहनरावांचा प्रश्न जणू त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला होता. एकटीने ठरवायला काही हरकत नव्हती, पण एकटीने ठरवलं तर विरारच्या व्हीलचेअरीसारखं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मेघना त्यांच्याकडे बघत होती.

"थांबा, काकू!"

आवाज तिसऱ्या मजल्यावरून आला होता. जुई कठड्यावरून वाकली होती, केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"डोक्याकडचा डावा बोल्ट सैल आहे! पप्पांच्या वेळी हलत होता, मी दोरीने बांधला होता! आज असाच दिला तर गंगुबाई पडतील!" तिने श्वास घेतला. "पाना आहे माझ्याकडे! मी येऊन आवळते, मग द्या!"

सगळी वाडी वर बघत होती. सुनेत्राबाईंचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. कठडा घट्ट धरून, मागच्या इमारतीपर्यंत, रस्त्यापर्यंत, जमलंच तर दादरपर्यंत जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "ऐका हो सगळे! पलंग गंगुबाईंना! अनुमोदन, जुई त्रिलोकेकर!"